सातवी गणित: धडा चालू असताना सुटतं, दीड महिन्यानं अडतं. सरावाची रचना कशी बदलावी?

काटकोन_७ यांचा प्रश्न

सातवीला गणित शिकवणाऱ्यांना आणि शिकण्याच्या मानसशास्त्राचा अभ्यास असलेल्यांना एक नेमका प्रश्न आहे. मराठी माध्यम, पट ४२, तासिका ३५ मिनिटांची, पुस्तक बालभारतीचं. मसावि-लसाविचा धडा चालू असतो तेव्हा सरावसंच झरझर सुटतात. दीड महिन्यानं तशाच शाब्दिक उदाहरणावर निम्मा वर्ग अडतो. अडतो तो आकडेमोडीत नाही, तर "यात मसावि काढायचा की लसावि?" इथेच. समप्रमाण-व्यस्तप्रमाणाचंही हेच. सत्र परीक्षेआधी आठवडाभर उजळणी घेतली की गुण बरे पडतात, दुसऱ्या सत्रात पुन्हा पाटी कोरी.

आठवून पाहणं, अंतर ठेवून सराव, मिश्र सराव यांबद्दल कॉग्निटिव्ह सायन्सवाले बरंच सांगतात. पण वर्गात नेमकं काय करायचं? रोज किती उदाहरणं, कोणत्या धड्यातली, किती दिवसांनी? पुस्तक तर धड्यांनुसारच आहे. शिवाय आठ-दहा मुलांचे पाढेच कच्चे आहेत. त्यांना हे झेपेल का?

त्रैराशिक

मुलं जिथे अडतात, त्याच गोष्टीचा सराव त्यांना कधी मिळालेला नाही. 'मसावि' या शीर्षकाखालच्या सरावसंचात रीत निवडावी लागत नाही, शीर्षकानंच ती निवडून दिलेली असते. दहा उदाहरणांत मूल दहा वेळा अवयव पाडतं, पण काय काढायचं हे एकदाही ठरवत नाही. परीक्षेत मात्र सुरुवातच ठरवण्यापासून होते.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे अगदी लागू पडतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींची घनफळं शिकवली. एका गटाला एकेका आकृतीची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिश्रवाल्यांची ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, मिश्रवाले ६३ वर राहिले. पुढे रोहरर आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडात सातवीच्याच ५४ वर्गांत सुमारे चार महिने हा सराव करून घेतला आणि त्यानंतर महिन्याभरानं न सांगता चाचणी घेतली: मिश्र ६१ टक्के, सलग ३८ (२०२०). म्हणजे सरावाच्या दिवशीचं यश हा शिकण्याचा भरवशाचा पुरावा नाही. उलट तेच शिक्षकाला आणि मुलाला दोघांनाही फसवतं.

यासाठी पुस्तक बदलावं लागत नाही. दहा उदाहरणांच्या सरावसंचातली पहिली तीन-चार त्याच दिवशी सोडवून घ्या आणि बाकीची पेन्सिलनं खूण करून राखून ठेवा. पुढच्या आठवड्यापासून गृहपाठात सहा उदाहरणं द्या: दोन आजच्या धड्यातली, चार राखून ठेवलेल्यांतली. एकाच रीतीची दोन उदाहरणं लागोपाठ येऊ देऊ नका, आणि शीर्षक, धड्याचं नाव, सरावसंचाचा क्रमांक यांपैकी काहीही लिहू नका.

काय मिसळायचं यावर बरंच अवलंबून आहे. वर्तुळ आणि लसावि एकत्र दिले तर जुन्याची उजळणी होईल, पण त्या दोघांत कोणी गोंधळतच नाही, त्यामुळे निवड शिकली जाणार नाही. एकमेकांत गुंततात तेच प्रकार शेजारी ठेवा: मसावि-लसावि, सम-व्यस्त प्रमाण, परिमिती-क्षेत्रफळ, सरळव्याज-रास. आणि आकडे मुद्दाम तेच ठेवा, म्हणजे आकड्यांवरून रीत ओळखता येणार नाही:

– १८ मी आणि २४ मी लांबीच्या दोन दोऱ्यांचे सारख्या लांबीचे, जास्तीत जास्त मोठे तुकडे करायचे आहेत. दोरी उरता कामा नये. एका तुकड्याची लांबी किती? (६ मी)
– स्टँडवरून एक एसटी दर १८ मिनिटांनी सुटते, दुसरी दर २४ मिनिटांनी. सकाळी ८ ला दोन्ही एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? (९ वाजून १२ मिनिटांनी)
– १८ रुपयांची एक वही आणि २४ रुपयांची एक वही घेतली. किती रुपये द्यावे लागतील? (४२)

तिसरं उदाहरण गाळू नका. 'मसावि नाही तर लसावि' एवढीच निवड राहिली तर अर्धी मुलं अंदाजानं तरतील.

प्रमाणात मुलं 'मजूर आले की व्यस्त' अशी गाठ मारून ठेवतात. ती सोडवायला हे तीन प्रश्न एकत्र द्या. ८ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर १२ मजूर किती दिवसांत करतील? (१०) ८ मजुरांची एका दिवसाची मजुरी ४८०० रुपये, तर १२ मजुरांची किती? (७२००) एका मुलीची उंची ८ व्या वर्षी १२० सेमी होती, तर १२ व्या वर्षी किती असेल? (सांगता येणार नाही.) तिसऱ्याला जी मुलं १८० लिहितात, त्यांना समप्रमाणाची रीत येते. ती कुठे चालत नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

आठवड्यातून एकदा 'फक्त निवडा' असा सहा मिनिटांचा कागद द्या. त्यात आठ उदाहरणं असावीत, आकडेमोड अजिबात नको. प्रत्येकासमोर रीतीचं नाव आणि कारणाची एक ओळ. 'कारण पुन्हा एकत्र असं लिहिलंय' हे कारण धरू नका. 'दोन्ही अंतरांनी पूर्ण भागल्या जाणाऱ्या मिनिटांना त्या एकत्र येतील' हे कारण झालं.

पाटीपेन्सिल

मिश्र गृहपाठाबद्दल वर नेमकं आलं आहे, त्यामुळे मी फक्त तासिकेच्या पहिल्या सात मिनिटांबद्दल लिहिते.

रोज चार प्रश्न. पहिला कालचा, दुसरा गेल्या आठवड्यातला, तिसरा महिन्याभरापूर्वीचा, चौथा पाचवी-सहावीतला, पण आजच्या धड्याला लागणारा (परिमेय संख्या सुरू करण्याआधी अपूर्णांकांची बेरीज, बैजिक राशींआधी चिन्हांचे नियम). वर्गात शिरण्याआधीच प्रश्न फळ्यावर असावेत. पुस्तक-वही बंद, बोलणं नाही, उत्तर पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर. चार मिनिटं सोडवायला, तीन मिनिटं उत्तरांना. तपासणी मुलांनीच पेन्सिलनं करायची, आणि गुणांची कुठेही नोंद नाही. गुण आले की शेजाऱ्याच्या पाटीकडे नजर जाते आणि आठवण्याचा प्रयत्न तिथेच थांबतो.

आठवण्याचा प्रयत्न हीच इथली मुख्य क्रिया आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटानं एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४० टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ६१. तुमचा परीक्षेआधीचा उजळणीचा आठवडा हा 'पाच मिनिटांनंतरच्या' मापाचा आहे, म्हणून गुण पडतात आणि उतरतात.

अंतर किती ठेवायचं, हे ती गोष्ट किती दिवसांनी लागणार आहे यावर ठरतं. आठवड्यानं लागणार असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर पुरतं, वर्षभरानं लागणार असेल तर ते तीन-चार आठवड्यांपर्यंत जातं. शाळेच्या वर्षाला बसेल अशी रचना: धडा संपल्यावर दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं आणि शेवटी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात. यासाठी धडा आणि तारखा यांचं एक पान वहीत आखून ठेवलं की पुरे. 'आठवेल तेव्हा घेऊ' म्हटलं तर अवघड धडे शिक्षकाकडूनच टळतात.

हा उपक्रम बहुतेक तीन ठिकाणी फसतो. एक, प्रश्न तोंडी विचारला आणि हात वर करायला सांगितले, तर त्याच पाच मुलांचा सराव होतो आणि उरलेली ३७ ऐकतात. दोन, मुलं थांबली की दहा सेकंदांत शिक्षक इशारा देतात. अर्धा मिनिट शांतता सहन करायला हवी. तीन, सात मिनिटांची वीस होतात, कारण चुकलेला प्रश्न तिथेच पूर्ण शिकवायला घेतला जातो. निम्म्याहून जास्त पाट्या चुकल्या तर उत्तर सांगून पुढे जा, आणि तो घटक उद्याच्या तासिकेत पंधरा मिनिटं नव्यानं शिकवा. जे मुळातच उरलेलं नाही, ते आठवायला लावून काही साधत नाही.

कर्कटक

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण त्या आठ-दहा मुलांना थेट मिश्र गृहपाठ दिला तर ती पहिल्या आठवड्यातच हात टेकतील. मिश्र सराव रीत एकदा नीट बसल्यानंतरचा आहे. त्याआधी वेगळी पायरी लागते.

एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या नव्या गोष्टी फार थोड्या, नेल्सन कोवानच्या २००१ च्या मांडणीनुसार चारच्या आसपास. लसावि काढताना ज्याला ७ × ८ साठी थांबावं लागतं, त्याच्या त्या चार जागांपैकी दोन पाढ्यानंच अडवल्या. तो परत येतो तेव्हा 'कशाचा लसावि' हे निसटलेलं असतं. पालकांना ते 'दुर्लक्ष' वाटतं, प्रत्यक्षात ती जागेची टंचाई आहे.

या मुलांना सोडवून दाखवलेली उदाहरणं हवीत, आणि ती जोडीनं. एक पूर्ण सोडवलेलं, लगेच खाली तसंच न सोडवलेलं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं की नवशिक्यांना नुसती उदाहरणं सोडवायला देण्यापेक्षा अशी जोडी कमी वेळात जास्त शिकवते. मग आधार हळूहळू काढायचा, आणि तो शेवटाकडून. सरळव्याज घ्या: मुद्दल ५०००, दर द.सा.द.शे. ८, मुदत ३ वर्षे. पहिल्या उदाहरणात सूत्र, किमती, (५००० × ८ × ३) ÷ १०० = १२०० आणि रास ६२०० हे सगळं लिहिलेलं. दुसऱ्यात राशीची पायरी कोरी. तिसऱ्यात व्याज आणि रास दोन्ही कोरी. चौथ्यात फक्त सूत्र. पाचव्यात काहीच नाही. मधे एक प्रश्न जरूर विचारा, 'इथे १०० नं का भागलं?' नाहीतर मुलं नुसती नक्कल उतरवतात. हाच कागद पुढे गेलेल्या मुलांना देऊ नका. ज्यांना रीत येते त्यांना सोडवलेलं उदाहरण वाचणं हा अडथळा होतो, त्यांना सरळ मिश्र सरावाकडे पाठवा.

पाढ्यांबद्दल: 'सात एके सात' पासून सुरात म्हणताना प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची आठवण करून देते. त्यामुळे 'सात अठ्ठे?' असं मधूनच विचारलं की मूल खालून चढत येतं. म्हणणं चालू ठेवा, पण सोबत रोज दहा गुणाकार उलटसुलट विचारा. सुरुवातीला ६, ७, ८ याच पाढ्यांतले घ्या, गोंधळ तिथेच जास्त असतो. पत्त्यांसारखी कार्डं केलीत तर दोन गठ्ठे ठेवा. बरोबर आलेलं कार्ड तीन दिवसांनी, चुकलेलं उद्याच.

आणि फळ्यावरची आकृती. कोनांची मापं बाजूच्या यादीत लिहू नका, आकृतीत त्या-त्या कोनातच लिहा. यादी आणि आकृती यांच्यात डोळे फिरवण्यातही तीच अपुरी जागा खर्च होते.

काटकोन_७

मनापासून आभार, सोमवारपासून सात मिनिटांचं सुरू करतो. दोन शंका राहतात. मिश्र गृहपाठानं वहीत लाल खुणा वाढतील, पालक आणि मुख्याध्यापक विचारतील. आणि मुलं स्वतः तपासणार असतील तर कोण कुठे चुकतंय हे मला कसं कळणार? शिवाय एका प्रशिक्षणात मुलांची दृक्, श्राव्य आणि कृतिशील अशी विभागणी करायला सांगितलं होतं, तेही करायचं का?

पाटीपेन्सिल

विभागणी नको. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेचा आढावा घेतला, आणि मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. चित्र आणि शब्द दोन्ही सगळ्यांनाच द्या.

चुका कळण्यासाठी रोजच्या चारपैकी एक प्रश्न बहुपर्यायी ठेवा, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक चुकीतून आलेला असू द्या. उदाहरणार्थ (−६) + २ × (−३) = ? पर्याय: १) १२ २) −१२ ३) ०. सगळ्यांनी एकदम छातीजवळ बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे आधी बेरीज केली, क्रियांचा क्रम चुकला. तीन बोटं म्हणजे २ × (−३) चं चिन्ह चुकलं. ४२ बोटं वाचायला अर्धा मिनिट लागतं आणि वही उघडावीच लागत नाही.

उत्तराशेजारी मुलांना खात्रीचा आकडाही लिहू द्या: १ म्हणजे अंदाज, ३ म्हणजे पक्कं. ३ लिहून चुकलेलं उत्तर समजावून सांगितलं तर ते सहसा चांगलं सुधारतं, हे बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं. म्हणून सांगण्याचा वेळ तिथे आधी खर्च करा.

त्रैराशिक

पालकांसाठी: मिश्र गृहपाठाला शेरा-गुण देऊ नका, आणि त्यासाठी वेगळी वही ठेवा. तीत चुकलेलं उदाहरण खोडायचं नाही. खाली वेगळ्या रंगानं बरोबर रीत आणि 'मी काय समजलो होतो' ही एक ओळ लिहायची. वहीच्या पहिल्या पानावर पालकांसाठी चार ओळी लिहा, की ही सरावाची वही आहे, इथे जुने धडे मुद्दाम येतात आणि चुका अपेक्षित आहेत.

मुख्याध्यापकांना बोलण्यापेक्षा आकडे दाखवा. आत्ता, काही बदलण्याआधी, मसावि-लसावि आणि प्रमाण यांवरची आठ शाब्दिक उदाहरणं न सांगता घ्या आणि 'रीत बरोबर निवडली' व 'उत्तर बरोबर' असे दोन रकाने वेगळे मोजा. दहा आठवड्यांनी तशाच आठ उदाहरणांवर, उजळणी न घेता, तेच दोन रकाने पुन्हा भरा. पहिला रकाना वाढला आणि दुसरा तिथेच राहिला, तर कर्कटक म्हणतात तो पाढ्यांचा भाग कमी पडतोय, मिश्रणाचा नाही. दोन्ही तिथेच राहिले, तर गृहपाठात शीर्षकं परत डोकावली आहेत का ते आधी बघा.