१२ मिमीला मिसरोल थांबेना, ९ आणि १० नंबर स्टँडच्या मध्ये सळई उसळते

पीथमपूर_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या मिलमध्ये १२ मिमी टीएमटी (बांधकामाची सळई) चालू आहे. बिलेट (ज्यापासून सळई लाटतो तो पोलादी ठोकळा) १०० × १०० मिमी, लांबी २ मीटर. रफिंग (सुरुवातीचं लाटणं) थ्री-हाय, म्हणजे एकावर एक तीन रोलच्या स्टँडमध्ये, ५ पास (फेऱ्या). पुढे १० कंटिन्युअस स्टँड (एकामागोमाग रोलच्या जोड्या), सगळे आडवे, शेवटच्या सहांना स्वतंत्र डीसी मोटरी. लूपर (स्टँडांमध्ये सळईची ढील सांभाळणारं साधन) नाही. फिनिशिंग स्पीड १० मीटर प्रति सेकंद. भट्टीतून बिलेट ११३० अंशाला निघतं.

सांवेर रोडवरून ८ आणि ९ नंबरचे रोल टर्निंग (लेथवर खाचा पुन्हा कोरणं) करून आणले, तेव्हापासून शिफ्टला पाच-सहा मिसरोल (सळई मार्ग सोडून अडकणं) होतात. जवळजवळ सगळे ९ आणि १० च्या मध्ये. १० ची एंट्री गाईड (सळईला रोलमध्ये नेणारी) दोनदा बदलली, रोलरही नवे टाकले, फरक नाही. फोरमन म्हणतात बिलेटच खराब आहे. सुरुवात कुठून करावी?

रोलपास_बडोदा

गाईड बदलणं आधी थांबवा. मिसरोल कुठल्या स्टँडपाशी झाला हे अर्धंच उत्तर आहे. सळईचं तोंड अडलं, मधला भाग उसळला की शेपूट, हे प्रत्येक वेळी पाटीवर लिहा. तिन्हींची कारणं अगदी वेगळी असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर शिफ्ट वाया जाते.

मधूनच उसळत असेल तर मागचा स्टँड जास्त माल पुढे ढकलतोय. हिशेब करून बघा. १२ मिमीचं क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी. त्याआधीचा ओव्हल (९ मधून निघणारी लंबगोल सळई) १३८ धरला तर १० नंबरला १० मीटर वेग असताना ९ नंबरमधून सळई ८.२ मीटरने यायला हवी. आता ९ नंबरचा गॅप (दोन रोलमधलं अंतर) थोडा मोठा राहिला आणि ओव्हल १४२ चा निघाला, वेग मात्र तोच ठेवला, तर दर सेकंदाला साधारण २३ सेंमी सळई जास्त येते. तुमच्या २ मीटरच्या बिलेटची १२ मिमी सळई सुमारे १७७ मीटर होते, म्हणजे पावणेअठरा सेकंद. तेवढ्यात ४ मीटरचा लूप. लूपर नसताना तो जाणार कुठे? उसळणारच.

टर्निंगनंतर रोलचा व्यास कमी होतो हेही विसरू नका. व्यास १ टक्का उतरला की त्याच आरपीएमला सळईचा वेगही १ टक्का उतरतो. रोल बदलल्यावर जुन्याच आरपीएमवर मिल चालवली तर ७, ८, ९, १० चं सगळं नातं बिघडतं. नवा व्यास (बॅरलचा नव्हे, पासमधला, म्हणजे रोलच्या खाचेतला, कामाचा व्यास) मोजून आरपीएम पुन्हा काढा.

पीथमपूर_बी_शिफ्ट

आरपीएम जुनेच होते, हे खरं. कालच्या सहांपैकी चारांत तोंड अडलं, दोनदा शेपूट. मधून एकही नाही. तीन ठिकाणचे एकेक मीटरचे तुकडे तोलले: तोंडाकडचा ९०६ ग्रॅम, मधला ८६९, शेपटीचा ९१०.

माळवा_मिल_मेंटेनन्स

हे आकडे फार कामाचे आहेत. आयएस १७८६ (सळईचं भारतीय मानक) प्रमाणे १२ मिमीचं वजन ०.८८८ किलो प्रति मीटर, लॉटला सूट ५ टक्के वर-खाली, म्हणजे ०.८४४ ते ०.९३२. तिन्ही तुकडे पास होतात, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण मधला बारीक आणि दोन्ही टोकं जाड, याचा अर्थ स्टँडांमध्ये ताण आहे. तोंड पुढच्या स्टँडला लागेपर्यंत त्याला कुणी ओढत नाही, शेपूट मागच्या स्टँडमधून सुटल्यावर तिलाही नाही. मधलं सगळं ओढून बारीक होतं.

तुमच्या शेपटीच्या मिसरोलचं कारण माझ्या मते हेच. ताण सुटला की शेपटीचा ओव्हल फुगतो, १० नंबरचा पास भरून वाहतो, बाजूला पंख (जादा मालाची पातळ कड) निघतो आणि तो एक्झिट गाईडला अडकतो.

ताण कुठे आहे ते अँपिअर मीटर सांगेल. ७ नंबरवर नजर ठेवा. तोंड ८ मध्ये शिरताच ७ चे अँपिअर उतरले तर ८ ओढतोय, चढले तर ७ ढकलतोय. जागचे हलले नाहीत तर जोडी बरोबर. अशी एकेक जोडी पुढे घ्या. दुरुस्ती करताना १० चा वेग धरून ठेवा आणि मागचे वर-खाली करा. एका वेळी अर्धा टक्का, मग दोन बिलेट बघा. एकदम दोन नॉब फिरवले की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

आणखी एक. तोंड आदळतं तेव्हा मोटरचा वेग क्षणभर पडतो आणि तेवढ्यात मागे छोटा लूप तयार होतो. ड्राइव्ह सावरायला उशीर करत असेल तर रिकाम्या स्टँडचा वेग एक-दीड टक्का जास्त ठेवावा लागतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे दाखवा.

रोलपास_बडोदा

आता तोंडाबद्दल. ९ मधून ओव्हल आडवा निघतो आणि १० मध्ये तो उभा जायला हवा. मध्ये ९० अंशांचा पीळ हवा. हा पीळ देणाऱ्या ट्विस्ट गाईडचे रोलर झिजले की पीळ ७०-७५ अंशांवरच थांबतो, ओव्हल कलंडून एंट्रीच्या रोलरवर आदळतो. तुम्ही १० ची एंट्री बदललीत, पण ९ ची एक्झिट, जिथे पीळ पडतो, ती तपासली का? ९ चे रोल बदलले म्हणजे ती काढून पुन्हा बसवली असणार. मला सगळ्यात जास्त संशय तिथेच आहे.

एंट्री गाईड बसवताना त्याच ओव्हलचा थंड तुकडा घ्या, आधी कापून ठेवलेला, सरळ, पंख नसलेला. तो रोलरमध्ये हलकासा धरला जावा, हाताने ओढता यावा आणि ओढताना दोन्ही रोलर फिरावेत. एकच फिरला तर मध्य चुकलाय. तापलेली सळई थंडपेक्षा साधारण सव्वा टक्का मोठी असते, तेवढी जागा सोडा. मग एक्झिटकडून बॅटरीचा उजेड टाकून एंट्रीतून बघा: पास, गाईड, पाईप एका रेषेत दिसले पाहिजेत. गाईडचं नाक रोलला न घासता जितकं जवळ नेता येईल तितकं न्या.

ओव्हल नीट भरतोय का ते चालू मिलमध्ये कळायला लाकूड लावा. सुकी पट्टी लांब दांड्याला बांधून, ट्रफच्या (सळई वाहणाऱ्या पन्हळीच्या) आडून, चालत्या सळईला क्षणभर टेकवायची. जळालेल्या ठशात पंख असेल तर रेघ उमटते, पास रिकामा असेल तर कड सपाट दिसते. पंख एकाच बाजूला असेल तर गाईड सरकलीय, दोन्ही बाजूंना असेल तर माल जास्त आहे.

तापमान_११५०

फोरमनचं म्हणणंही एकदम टाकून देऊ नका. अडलेलं तोंड कापून जपून ठेवा आणि बघा. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं असेल तर दोन गोष्टी शक्य आहेत.

पहिली, टोक थंड. साइड डिस्चार्ज (बाजूने बिलेट काढणाऱ्या) भट्टीत दरवाजाकडचं टोक हवा लागून काळवंडतं. ११३० हे मधल्या भागाचं मोजलं असेल, टोकाचं वेगळं मोजा. दुसरी, बिलेटच्या टोकाला पाईप, म्हणजे आत पोकळी. ती रफिंगमध्ये मिटल्यासारखी वाटते आणि पुढे फाटते. दोन्हींवर पहिला उपाय क्रॉप शीअर (टोक कापणारी कात्री). तोंड २०-३० सेंमी कापा. ब्लेड बोथट असेल तर तोंड वाकतं आणि बर (कापाचा खरखरीत कंगोरा) राहतो, मग चांगलं बिलेटही अडकतं.

फाट टोकाला न राहता अंगभर, आडव्या चिरांसारखी दिसली तर बिलेटच्या रासायनिक तपासणीचा अहवाल मागवा. इंडक्शन फर्नेसमध्ये गंधक जवळजवळ निघत नाही. मँगेनीज कमी पडलं की आयर्न सल्फाइड कणांच्या कडेला साचतं आणि साधारण ९८८ अंशालाच वितळतं, म्हणजे रोलिंगच्या तापमानात पोलाद आतून सुटतं. एफई ५००डी (सळईची एक प्रत) ला गंधक ०.०४० टक्क्यांपर्यंतच चालतं. तेवढं असेल तर मँगेनीज त्याच्या दहापट तरी हवं. पण तसं असतं तर मिसरोल रफिंगपासूनच दिसले असते, फक्त ९-१० मध्ये नाही.

पीथमपूर_बी_शिफ्ट

चारही तोंडं बघितली. तीन शाबूत, बाजूने ठेचलेली. एक दुभंगलेलं. म्हणजे पीळच. आज शटडाउनमध्ये ९ ची एक्झिट उतरवतो.

माळवा_मिल_मेंटेनन्स

मग ९ आणि १० चा वेग नव्या व्यासाने लावून ठेवा आणि पूर्ण बिलेटआधी अर्ध्या-पाऊण मीटरचे दोन तुकडे चालवा. नवा पास गुळगुळीत असतो, पहिल्या तुकड्यांना घसरतो.

एक कळकळीने सांगतो. शिफ्टला सहा मिसरोल म्हणजे सहा वेळा माणसं लाल सळईजवळ जातात. मिसरोल दिसताच शीअरवर मागचा माल कापायचा, भट्टीचा पुशर (बिलेट ढकलणारं यंत्र) थांबवायचा, रोल पूर्ण थांबल्यावर आणि ब्रेकर लॉक केल्यावरच गॅसकटर घेऊन आत जायचं. फिरत्या रोलमधून सांडशीने ओढायचं नाही, वाचणारी पाच मिनिटं कितीही मोलाची वाटली तरी. ९-१० च्या बाजूला जाळी नसेल तर ट्विस्ट गाईडच्या आधी ती लावा. थांबलेल्या वेळात भट्टीचा जाळ कमी करायला विसरू नका, नाहीतर दरवाजातली बिलेटं स्केल (ऑक्साइडचा थर) धरून बसतील.