बाळाच्या लसीचा अडीच महिन्याचा डोस हुकला, आता पहिल्यापासून द्यावं लागते का?

आर्वीची सून:
माझं बाळंतपण माहेरी यवतमाळकडे झालं, दीड महिन्याचं इंजेक्शन पण तिथंच. त्या रात्री लेकराले ताप, मांडीवर गाठ, पायाले हात लावू देईना. मग सासरी आली तर कापसाची वेचणी सुरू, त्यात त्याले सर्दी, अन् अडीच महिन्याचा डोस राहूनच गेला. आता चार महिने पूर्ण झाले. सासूबाई म्हणते एवढ्या उशिरा कायले टोचता. कार्ड माहेरीच राहिलं. सगळं पुन्हा द्यावं लागते का? लय भेव वाटून राहिलं.

आशाताई, वर्धा जिल्हा:
ताई, पहिल्यापासून काहीच नाही लागत, जिथं सुटलं तिथून पुढं. आता पेंटाचा दुसरा डोस, पोलिओ अन् रोटाचे (जुलाबावरच्या लसीचे) थेंब घ्या, तिसरा चार आठवड्यांनी, अन् आणखी काय बाकी आहे ते सिस्टर कार्ड पाहून सांगते. पेंटाच्या एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब कावीळ अन् हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) या पाचहींची लस असते. डांग्या खोकला एवढ्याशा लेकराले लय जड जाते वो, म्हणून उशीर झाला तरी घ्याच. साध्या सर्दीसाठी थांबू नका. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा.

दोन पोरींची माय:
ताप एकदोन दिवसात उतरते, गाठ हळूहळू जाते. चोळू नका, हळद लावू नका, ओलं कापड ठेवा. अन् पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स अन् सिरप दोन्ही वेगळ्या ताकदीचे असते, आमच्या घरी जाऊबाईनं ड्रॉप्सच सिरपसारखे चमच्यानं पाजले होते, दवाखान्यात पळावं लागलं. किती द्यायचं ते सिस्टरले वजन सांगून विचारा.

वीटभट्टीवाला:
आम्ही सहा महिने भट्टीवर असतो, तिथल्या गावात पण फुकटच देते, कार्ड दाखवलं की झालं. घरून दोन्ही बाजूंचा फोटो मागवा अन् मोबाईलमध्ये ठेवा. पुढं नऊ महिन्याले गोवर-रुबेलाचं अन् दुसरं दीड वर्षाच्या आसपास, ते तर बिलकुल सोडू नका, आमच्या शेजारच्या पोराले गोवर झाला तर पंधरा दिवस डोळे उघडत नव्हता.

आर्वीची सून:
भावानं फोटो टाकला. पुढची तारीख पेनानं लिहिलेली होती, मी पाहिलीच नव्हती. उपकेंद्रात जाऊन आली, आज ताप कमीच आहे, दूध पिऊन झोपलं. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यायनंच मांडीवर घेतलं होतं.