'प्रेमपट' की 'प्रणयपट'?

प्रश्न : रोमँटिक सिनेमावरच्या लेखांत कुणी 'प्रेमपट' लिहितं, कुणी 'प्रणयपट'. दोन्ही एकच का? आणि 'मीट-क्यूट'ला, म्हणजे नायक-नायिकेच्या पहिल्या गमतीदार भेटीला, आपल्याकडे काही शब्द आहे का?

– सर्रास एकच म्हणून वापरतात, पण मी फरक करते. आजच्या मराठीत 'प्रणयप्रसंग' म्हटलं की शारीरिक जवळीकच डोळ्यांपुढे येते. १८९६ साली एडिसनच्या कंपनीने मे अर्विन आणि जॉन राइस यांचं चुंबन चित्रित केलं, जेमतेम वीसेक सेकंदांचं. त्यात प्रणय आहे, प्रेमपट नाही. गोष्टच नाही तर पट कसला? उलट 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) बघा. दोघांना एका खोलीत रात्र काढायची वेळ येते, तर नायक दोन खाटांच्या मधे दोरी बांधून त्यावर ब्लँकेट टाकतो. सगळी गंमत त्या ब्लँकेटच्या अलीकडे-पलीकडे. हा अस्सल प्रेमपट.

– मग प्रेम असलेला प्रत्येक सिनेमा प्रेमपटच की!

– छे. प्रेम काढून घेतलं तर गोष्ट उरते का, ते बघायचं. उरली, तर तो साहसपट किंवा युद्धपट, प्रेम नुसतं तोंडी लावायला. 'कॅसाब्लांका'त (१९४२) युद्ध आहे, निर्वासित आहेत, पण नायिका इल्साला वगळलंत तर नायक रिकपुढे पेचच उरत नाही. शेवट गोड हवा, असंही नाही. 'रोमन हॉलिडे'तली (१९५३) राजकन्या मुकाट्याने आपल्या कर्तव्याकडे परत जातेच ना?

– 'मीट-क्यूट'साठी 'अवचित भेट' चालेल?

– फार सपक. अवचित तर अपघातही होतो. 'ब्लूबियर्ड्स एट्थ वाइफ'मध्ये (१९३८) नायक दुकानात नाइटसूटचा फक्त शर्ट मागतो. दुकानदार अर्धा सूट विकायला तयार नाही. तेवढ्यात नायिका येते, तिला फक्त पायजमाच हवा असतो! ही भेट लेखकाने मुद्दाम जुळवून आणलीय, आणि ते लपवायची त्याला गरजही वाटत नाही. शब्दात तो लटकेपणा यायला हवा. 'लाडिक योगायोग' कसं वाटतं?

– 'लाडिक' आवडलं. समीक्षेत टोमणा मारायलाही बरं: 'लाडिक योगायोग झकास जमलाय, पण पुढे दोघांमध्ये अडथळाच नसल्याने प्रेमपट मध्यंतरालाच संपतो.'