गुलामगिरीचं ‘उच्चाटन’ म्हणायचं की ‘निर्मूलन’?

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या इतिहासावर मराठीत लेख लिहितेय आणि ‘अ‍ॅबॉलिशन’ला अडलेय. पेपरात सर्रास उच्चाटन असतं, पुस्तकांत निर्मूलन. दोन्ही एकच ना?

> ताई, एकच नाहीत. जारण-मारण-उच्चाटन म्हणतात त्यातला हा शब्द, म्हणजे मंत्र घालून माणसाला त्याच्या जागेवरनं पळवून लावणं. आणि तुमच्या विषयात तर हा फरक फारच महत्त्वाचा आहे कारण तिथे खरंच असे लोक होते ज्यांना माणसंच हलवायची होती, १८१६ ची अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटी बघा, स्वतंत्र झालेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवा म्हणणारी. १८३१ मध्ये ब्रुकलिनच्या काळ्या रहिवाशांनी सभा घेऊन ठणकावून सांगितलं की आमचा देश हाच, आम्ही जाणार नाही. त्यांच्या लढ्याला उच्चाटन म्हणणं मला तरी बोचतं.

पटलं. पण निर्मूलन तरी नीट बसतं का? न्यूयॉर्क राज्याचा १७९९ चा कायदा घ्या, ४ जुलैनंतर जन्मलेलं मूल स्वतंत्र, पण मुलग्याने २८ आणि मुलीने २५ वर्षांची होईपर्यंत आईच्या मालकाकडेच राबायचं! त्याआधी जन्मलेले गुलाम सुटले ते १८२७ ला.

> म्हणून कायद्यापुरतं ‘गुलामगिरी रद्द झाली’ लिहा आणि चळवळीला निर्मूलन. मूळ उपटणं हे चळवळीचं काम, आणि मूळ तर १८२७ नंतरही शाबूतच होतं. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या राज्यघटनेनं काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता हवी अशी अट घातली, गोऱ्यांना ती नव्हती, आणि ती १८७० पर्यंत टिकली.

हो, आणि म्हणून जमीन घेणं हाच लढा झाला. जेम्स वीक्स या काळ्या गोदी कामगाराने १८३८ मध्ये ब्रुकलिनमध्ये जमीन घेतली, तिथे वीक्सव्हिल उभं राहिलं, स्वतःची शाळा, चर्च सगळं. १८६३ च्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या दंगलीत काळ्यांवर हल्ले झाले, तेव्हा मॅनहॅटनमधून जीव घेऊन पळालेल्यांना तिथेच आसरा मिळाला. मी लिहिलंय, ‘कृष्णवर्णीयांची वसाहत’.

> वसाहत नको ना! कोलोनायझेशनवाल्यांना हवी होती ती वसाहत, लांब समुद्रापलीकडे. ही माणसं तर आपल्याच शहरात राहिली. वस्ती लिहा.

बदलते. वस्ती.