अनुभव धागा : मार्क नॉप्फ्लर आणि आपण

मंडळी, परवा गाडीत 'वन डीप रिव्हर' लावला होता. २०२४ चा अल्बम. मुलाने विचारलं, "बाबा, हा गातोय की बोलतोय?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं, म्हणून हा धागा.

नॉप्फ्लर म्हणजे ब्रिटिश गिटारवादक आणि गायक. १९४९ चा, जन्म ग्लासगोचा. त्याचा रॉक बँड डायर स्ट्रेट्स १९७७ मध्ये उभा राहिला. १९८५ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स' अल्बमच्या तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. एवढं यश मिळाल्यावर माणूस जन्मभर तीच गाणी वाजवत बसू शकतो. याने नव्वदच्या दशकात बँड थांबवला आणि १९९६ पासून स्वतःच्या नावाने कमी आवाजाची, संथ चालीची गाणी करत राहिला. माझ्या मते त्याचं हे दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा मोठं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

माझा अनुभव आधी सांगतो. १९८७, पुण्यातलं होस्टेल. 'ब्रदर्स इन आर्म्स'ची मूळ कॅसेट कुणाकडे होती देव जाणे, आमच्याकडे साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर केलेली कॉपी. अल्बमची पहिली बाजू जवळजवळ तेहतीस मिनिटांची आणि आमच्या कॅसेटची एक बाजू तीसची. त्या बाजूचं शेवटचं गाणं 'व्हाय वरी'. त्यात शब्द संपतात आणि नुसती वाद्यं हळूहळू बोलत राहतात. तिथेच खट् व्हायचं आणि बटण वर यायचं. गाणं तेवढंच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. नऊ वर्षांनी मेव्हण्याने सीडी आणली. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. खट् व्हायची जागा आली, गेली, आणि गाणं चालूच राहिलं. ते संपेपर्यंत मी दारातून हललो नाही. चहा निवला.

आता तुम्ही लिहा.

गिटारवाली, ठाणे

मी डावखुरी. आजीने डाव्या हाताने कधी जेवू दिलं नाही आणि क्लासमध्ये सरांनी उजव्या हाताची गिटार मांडीवर ठेवली. आपल्याला मुद्दाम अवघड वाटेने नेताहेत असं बरेच दिवस वाटायचं. मग कळलं की नॉप्फ्लरही डावखुरा आहे आणि उजव्यांसारखीच गिटार वाजवतो. म्हणजे त्याचा जोराचा हात तारा दाबायला असतो. तार ओढून तो सूर चढवतो आणि वर नेऊन हलवतो, ते ऐकताना मला सतारीची मींड आठवते. त्या दिवसापासून माझी तक्रार संपली.

दुसरं म्हणजे तो पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, बाकीची दोन गिटारच्या अंगावर टेकलेली. 'सुल्तान्स ऑफ स्विंग'चा शेवटचा तुकडा बसायला मला आठ महिने लागले, आणि बसला तो वेग वाढवून नाही, मनगट सैल सोडल्यावर. मुलांना मी अजून हेच सांगते: आधी पिक खिशात टाका.

या गाण्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लंडनच्या डेप्टफर्डमधला जवळजवळ रिकामा पब, बाहेर पाऊस, आत थकलेले जॅझवाले. शेवटी त्यांच्यातला एक सांगतो की आम्ही 'सुल्तान्स ऑफ स्विंग'. नॉप्फ्लरने गाणं आधी धातूच्या नॅशनल गिटारवर बांधलं होतं आणि त्याला ते फिकं वाटत होतं. स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हातात आल्यावर ते जिवंत झालं.

तिसरा मजला, इचलकरंजी

मला गिटारमधलं काही कळत नाही. मी १९९३ ला कोल्हापुरात टीव्ही-फ्रिजच्या दुकानात कामाला होतो. टेम्पोतनं माल उतरवायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी चढवायचा. फ्रिज जिन्यानं नेताना दोघं लागतात, एक वर, एक खाली. वरचा वाट दाखवतो, वजन खालच्यावर येतं. मी कायम खाली. वळणावर फ्रिज भिंतीला टेकवून श्वास घ्यायचा, तवर घरमालकीण वरनं ओरडायची, "रंग खरवडू नका!"

दुकानात लावलेल्या टीव्हीवर केबलचं ते गाणं यायचं, 'मनी फॉर नथिंग'. कॉम्प्युटरवर केलेली ठोकळ्यासारखी माणसं. इंग्रजीचा गंध नव्हता. एकदा मालकाचा भाचा सुट्टीला आला, तो म्हणाला, "दादा, हे तुमचं गाणं हाय." मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं ओळीनं सांगितलं. न्यूयॉर्कच्या असल्याच एका दुकानात हा गाणारा उभा होता. तिथला कामगार टीव्हीतल्या गाणाऱ्यांकडं बघून बोलत होता की ह्यांना बसल्या जागी पैसा, आणि आम्ही फ्रिज हलवतोय, रंगीत टीव्ही हलवतोय. ह्यानं तिथंच कागद-पेन मागून घेतलं आणि त्याची भाषा उतरवून काढली. त्यातल्या एका शिवीवरनं पुढं बराच वाद झाला म्हणे. पण आमच्यासारख्याचं बोलणं कुणीतरी उभं राहून ऐकलं, हे माझ्या डोक्यातनं जात नाही. त्या रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, उद्या पाठीला तेल लावून जा.

(धागाकर्ता) तिसरा मजला दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. २००९ च्या 'गेट लकी' अल्बममधलं 'बॉर्डर रीव्हर' ऐका. ग्लासगोत बनणारा अल्बियन ट्रक चालवणाऱ्याचं गाणं आहे. तुम्हाला शब्द कळले नाहीत तरी रस्ता कळेल.

निवृत्त मुद्रितशोधक, सोलापूर

माझ्या मुलीने मला २०१५ च्या 'ट्रॅकर' अल्बममधले 'बॅझिल' हे गाणे ऐकवले. बॅझिल बंटिंग हे इंग्रजीतले मोठे कवी. पोटासाठी ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या 'ईव्हनिंग क्रॉनिकल'मध्ये मजकूर तपासण्याचे काम करीत. त्याच कचेरीत शाळकरी नॉप्फ्लर शनिवारी कागद पोहोचवणारा पोऱ्या होता. त्या पोराला आपल्यापुढे सगळे आयुष्य पसरलेले दिसते, आणि कवीला ते मागे राहिलेले दिसते. बंटिंगांची 'ब्रिगफ्लॅट्स' ही दीर्घ कविता १९६६ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा ते पासष्टीच्या पुढे होते.

मी एकोणिसाव्या वर्षी एका दैनिकात लागलो. शेजारच्या खुर्चीवर एक कवी बसत. बाजारभावांची मुद्रिते तपासायची ती त्यांनी. कांदा, गूळ, ज्वारी. तपासून झालेल्या गॅलीच्या मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने दोन-चार ओळी लिहीत आणि तो कागद घडी घालून खिशात ठेवीत. माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. मी त्यांना तुसडे समजत असे. गाणे ऐकताना प्रथमच वाटले की माझ्या वयाकडे पाहणे त्यांना जड जात असावे. हे कळायला मला नॉप्फ्लर लागला, आणि त्यालाही ते लिहायला पन्नास वर्षे लागली.

खांदेदुखी, डोंबिवली

मार्च २००५, मुंबईतला कार्यक्रम. तिकीट मित्राने काढलं होतं. माझ्या गळ्यात झोळी, कारण महिनाभरापूर्वी बाइकवरून पडून कॉलर बोन मोडलं होतं. जाऊ नको म्हणून घरात सगळे मागे लागले होते. मित्राने वाटेत सांगितलं की मार्च २००३ मध्ये नॉप्फ्लरलाही लंडनमध्ये मोटारसायकलचा अपघात झाला होता. कॉलर बोन, खांदा आणि सात बरगड्या. कित्येक महिने गिटार हातात धरता येत नव्हती. मग 'ब्रदर्स इन आर्म्स' सुरू झालं तेव्हा मी त्याच्या बोटांकडे पाहिलंच नाही, पट्टा ज्या खांद्यावर होता त्या खांद्याकडे पाहत राहिलो. परतताना गर्दीत मित्र माझ्या दुखऱ्या बाजूला चालत होता.

टाइनकाठी, न्यूकॅसल

मी इथे नर्स आहे, अकरावं वर्ष. आल्यावर पहिल्या हिवाळ्यात साडेतीनला अंधार पडायचा आणि मी रडायचे. इथल्या लोकांचं बोलणं मला कळत नव्हतं, त्यांना माझं. सहकारी मला फुटबॉलला घेऊन गेली. सेंट जेम्स पार्कमध्ये संघ मैदानात येताना 'लोकल हीरो' या १९८३ च्या चित्रपटातली नॉप्फ्लरची धून लागते. तिला शब्द नाहीत. पन्नास हजार माणसं उभी, आणि माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून डोळे पुसत होते. त्या दिवशी मला या गावचं काहीतरी पहिल्यांदा न विचारता कळलं.

नॉप्फ्लर सात वर्षांचा असताना घरचे ग्लासगो सोडून इकडे ब्लाइथला आले. वडील हंगेरीहून नाझींपासून जीव वाचवून आलेले. म्हणजे तोही इथे येऊन रुजलेलाच. त्याच्या 'टनेल ऑफ लव्ह' गाण्यातलं स्पॅनिश सिटी हे समुद्रकाठचं करमणुकीचं ठिकाण इथून मेट्रोने जवळ आहे. पांढरा घुमट, समोर समुद्र. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं. बाबांना वारा सोसेना, पण आईने आइस्क्रीम खाल्लं.

'वन डीप रिव्हर' म्हणजे आमची टाइन नदी. ड्यूटीला जाताना मेट्रो पूल ओलांडते तेव्हा खाली दिसते. धागाकर्त्यांच्या मुलाला सांगा, इथली म्हातारी माणसं अशीच बोलतात. हळू, आणि शेवटचा शब्द तोंडातच ठेवून.

भजनी मंडळ, चिपळूण

जानेवारी २०२४ मध्ये त्याने लंडनला १२० हून अधिक गिटारी लिलावात दिल्या. ८८ लाख पौंडांच्या वर रक्कम आली, त्यातला चौथा हिस्सा सेवाभावी संस्थांना गेला. मी ही बातमी बाबांना वाचून दाखवली. बाबा ऐंशीचे. आठ दिवसांनी त्यांनी आपली पेटी पुसून घेतली, भात्याला नवं कातडं बसवून आणायला लावलं आणि आमच्या मंडळातल्या एका मुलाला दिली. देताना एकदाच काळी चार धरून ठेवली, भाता रिकामा होईपर्यंत.

बी ब्लॉक, आता नागपूर

धागाकर्ते, आमच्याही कॅसेटवर 'व्हाय वरी' तिथेच तुटायचं! आता फोनवर पूर्ण गाणं आहे, शेकडो वेळा ऐकलंय. तरी ती जागा आली की माझा अंगठा आपोआप उचलला जातो, बटण वर येईल म्हणून.