पहिलं वर्ष ऑफिसजवळच काढा
नवीन नोकरीसाठी नव्या ठिकाणी जाताना लांब पण मोठं घर भाड्याने घ्यावं की ऑफिसजवळ लहान, असं तुम्ही विचारलंय, तर माझं मत सरळ आहे, पहिलं वर्ष जवळच राहा. एका बाजूचा प्रवास पाऊण तासाऐवजी पाव तास झाला की रोजचा १ तास वाचतो, ५ दिवसांचा आठवडा धरला तर सुट्ट्या वजा जाता वर्षाचे २४० च्या आसपास तास, आणि नवीन जॉबमधे सुरुवातीला डोकं इतकं थकतं ना की तो वेळ खरंच मोलाचा ठरतो. फ्राय आणि स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतला डेटा तपासला होता, त्यातही लांबून येणारे लोक कमी समाधानी निघाले, म्हणजे स्वस्त भाड्याने सगळी भरपाई होत नाही.

घर बघायला रविवारी जाऊ नका प्लीज, रस्ते रिकामे असतात आणि सगळं जवळ वाटतं. वर्किंग डेला सकाळी तिथून ऑफिसपर्यंत स्वतः जाऊन बघा. बेडरूमचं दार लावून एक फोन करा, रेंज बऱ्याचदा तिथेच जाते. भाडेकरारातला लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडलं तरी भाडं द्यावं लागतं तो) नोकरीच्या प्रोबेशनपेक्षा मोठा असेल तर कमी करून मागा.

जोडीदारालाही तिथे नोकरी शोधायची असेल तर मात्र माझं वरचं म्हणणं बाजूला ठेवा आणि दोघांना सोयीचं पडेल असं स्टेशन किंवा बस रूट आधी धरा.