मदत हवी आहे: शेवट न फोडता भयकथेआधी सूचना कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी आलेल्या भयकथांचं संपादन करतेय. भूत, हडळ, पडका वाडा यांचा प्रश्न नाही, त्यासाठीच लोक भयकथा वाचतात. अडलंय एका कथेपाशी. बाळंतीण रोज रात्री पाळणा हलवते, आणि पाळणा रिकामा आहे हे आपल्याला शेवटच्या परिच्छेदात कळतं. ज्या बाईचं मूल गेलंय तिच्या हाती ही कथा अचानक पडू नये, असं मला मनापासून वाटतं. पण वर ‘बालमृत्यूचा उल्लेख’ छापलं की कथाच संपली!

ओटीटीवर २०२१च्या नियमांमुळे वयोगटासोबत आशयाची सूचना द्यावी लागते. छापील कथेला तसा दंडक नाही, त्यामुळे ठरवायचं आपणच.

अनुक्रमणिकेत फक्त खूण करून तपशील शेवटच्या पानावर द्यावा का? की संपादकीयातच सगळ्या कथांची मिळून सूचना द्यावी? ती मला फार मोघम वाटते. दुसऱ्या एका कथेत आत्महत्या आहे, तिथे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देणारच आहे.

कुणी असं छापलं असेल तर नेमकी शब्दरचना सांगाल का? आणि लेखकांना कसं पटवलंत?